हातोडी पडेल तिथे

माझी मुलगी घण मारते. ती मारते तसा घण आजूबाजूच्या गावांत कोणी मारत नाही, आणि हे मी बाप म्हणून सांगत नाही, लोहार म्हणून सांगतो. बाप म्हणून सांगायला बसलो तर ऐकणाऱ्याला कंटाळून उठून जावं लागेल.

घरात तिला बारकी म्हणतात. जन्मली तेव्हा इवलीशी होती, रडायचीसुद्धा ताकद नव्हती. सुईणीनं तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार जीव लावू नकोस. आता ती दारातून आत येताना खांदा तिरका करते, तरी बारकीच. तिची आई म्हणते, आता तरी नीट नावानं हाक मारा, लोक हसतात. मी म्हणतो, हसू देत की. हसणाऱ्याला म्हणावं, ये, हा घण नुसता डोक्यावर नेऊन दाखव.

आमच्या कामात बोलायचं नसतं. भट्टीतून लोखंड बाहेर काढलं की ते आपल्यासाठी थांबत नाही, लगेच निवायला लागतं. मग कोण बोलणार आणि कोण ऐकणार? माझ्या डाव्या हातात सांडशी, सांडशीच्या तोंडात तापलेला फाळ, उजव्या हातात लहान हातोडी. हातोडी मी लोखंडावर नुसती टेकवायची. ती जिथे टेकेल तिथेच समोरच्यानं घण घालायचा. टेकली की पडला, टेकली की पडला. हातोडी मोकळ्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. घणवाल्यानं तोंड उघडायचं नाही, डोकं चालवायचं नाही. ही माझ्या वडिलांची शिस्त. मी लहानपणी या शिस्तीला फार शिव्या दिल्या आणि मोठेपणी जशीच्या तशी बारकीच्या गळ्यात घातली.

आधी घण थोरला मारायचा. थोरला म्हणजे माझा मुलगा. पोरगा चांगला, पण त्याचं लक्ष कायम रस्त्याकडे. एखादी गाडी गेली की घण हवेतच थांबायचा. शेवटी तो त्या रस्त्यानंच निघून गेला, शहरात मालाची गाडी चालवतो, बरं चाललंय त्याचं. तो गेला त्या आठवड्यात मी घणासाठी माणूस शोधत गावभर फिरलो. कोणी तयार नव्हतं. एके दिवशी घरी आलो तर बारकी छपराखाली घण घेऊन उभी, आणि तिची आई भात्याशी. तिची आईसुद्धा तरुणपणी घण मारायची, खांदा गेला म्हणून सोडला. मला कोणी काही विचारलं नाही. भट्टी पेटलेलीच होती, मी बसलो आणि हातोडी हातात घेतली.

सुरुवातीला लोक मुद्दाम बघायला यायचे. दाराशी टेकून उभे राहायचे, सुपारी चघळायचे, मुलगी किती वेळ टिकते यावर पैजा लावायचे. बारकीनं एकाकडेही पाहिलं नाही. तळहातांचे फोड फुटले तेव्हा तिनं चिंध्या बांधल्या आणि चिंध्या लाल झाल्या तेव्हा बदलल्या. महिन्याभरात दाराशी उभं राहणारे कंटाळले. मी तिला शाबासकी दिली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. पण रोज जेवताना मी तिच्या ताटात माझ्या आधी वाढायला सांगायचो, आणि तिच्या आईला त्याचा अर्थ कळायचा.

या वर्षीचा उन्हाळा लांबला. आभाळ कोरडं ठणठणीत, जमीन अशी तापली की नांगर घातला तर फाळ ढेकळावरून घसरायचा. एका दिवसात फाळाचं टोक बोथट. मग काय, सगळं गाव आमच्या दारात. फाळ, कुदळी, कुऱ्हाडी, खुरपी. पेरणीच्या आधीचे हे दिवस म्हणजेच आमचं वर्ष. या दिवसांत कमावलं तर पुढे चूल पेटते, नाहीतर बोंबला. त्यातून मोठ्या रस्त्यावर एक वेल्डिंगचं दुकान निघालेलं. तिथला माणूस तोंडावर काळं भिंग धरून चरचर ठिणग्या उडवतो आणि लोकांना वाटतं काम झालं. तरी लोक माझ्याकडे यायचे, कारण माझ्या हातचा फाळ दगडाला लागला तरी वाकेल पण मोडणार नाही, अशी ख्याती होती. ती मी मिळवलेली नाही, माझ्या बापाची आहे. मी फक्त सांभाळली.

आणि नेमके याच वर्षी माझे डोळे जायला लागले.

थंडीत सुरू झालं ते. समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, कडेकडेनं दिसायचं, मधे धुकं. कोळसा आणायचं निमित्त करून मी शहरात डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू असता तर काढला असता बाबा, हा आतला पडदा झिजलाय, जन्मभर आगीकडे बघत बसलात ना. गेलं ते येणार नाही, उरलंय ते जपा. कोळसा घेऊन मी घरी आलो आणि कोणालाही काही सांगितलं नाही.

सांगणार तरी काय? लोहाराचं सगळं काम डोळ्यांत असतं. लोखंड लाल आहे, नारिंगी आहे की पिवळं पडलंय, त्यावर ठरतं की आता ठोकायचं की थांबायचं. पोलाद पिवळ्याच्या पुढे तापवलं की जळतं. मग ते वरून दिसायला छान दिसतं, आतून मात्र ठिसूळ होतं. मला आता भट्टीत नुसता उजेड दिसायचा. तो किती रंगाचा आहे हे मी अंदाजानं, आचेवरून, सवयीवरून ठरवायचो. भट्टी पेटवताना मी रोज ऐरणीला हात लावून देवाचं नाव घेतो. पूर्वी एवढंच म्हणायचो की आजचा दिवस नीट जाऊ दे. या वर्षी मी त्याच्याशी भांडायला लागलो. म्हणायचो, सगळं गाव तुझ्याकडे पाऊस मागतंय, मी मागत नाही, मला तेवढे डोळे ठेव. पाय घे, कान घे, हवं तर दात घे, तसेही थोडेच उरलेत.

तरी काम नीट होत होतं हे महत्त्वाचं. मला स्वतःलाच त्याचं नवल वाटायचं. हातोडी टेकवायचो, घण पडायचा, फाळाचं टोक जसं मनात असायचं तसंच निघायचं. मी मनात म्हणायचो, हात शहाणा आहे, हाताला डोळ्यांची गरज नाही. एकदा तर तिच्या आईला मी हे बोलूनही दाखवलं की मी आता डोळे मिटूनसुद्धा फाळ करीन. ती भाता ओढत होती, तिनं मान हलवली आणि पदरानं तोंड पुसलं.

मग वकिलाचा फाळ आला. वकील म्हणजे आमच्या शेजारच्या वस्तीवरचा शेतकरी. कोर्टाची पायरी त्यानं कधी चढलेली नाही, पण आभाळ निळं आहे म्हटलं तरी वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणतात. त्या दिवशी दुपारची वेळ, छपराखाली उकाडा असा की श्वास घेतला तरी घसा भाजावा. माणसं दारात ताटकळत होती. मी फाळ आगीत घातला आणि वाट बघत बसलो. बारकी घण घेऊन उभी होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, आबा, झालंय. मी तिच्यावर खेकसलो की घणानं बोलायचं नसतं.  मी आणखी थांबलो. आगीत चुरचुर आवाज आला, मला वाटलं ओला कोळसा असेल. पोलाद जळताना ठिणग्या उडतात, त्या सगळ्यांना दिसल्या असतील, मला दिसल्या नाहीत. फाळ काढला, ठोकला, पाण्यात बुडवला, वकिलाच्या हातात दिला. तो नेहमीप्रमाणे कुरकुरला आणि गेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी तो परत आला. दारात दहाबारा माणसं बसलेली. त्यानं फाळ माझ्या पायाशी टाकला. टोक मोडलेलं, मोडलेल्या जागी जाडेभरडे कण. मी बोट फिरवलं. जळलेलं पोलाद हाताला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत.

वकील वाद घालेल असं मला वाटलं होतं. तो वाद घालता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, आबा, तुमच्या बापानं केलेला फाळ माझ्या बापानं जन्मभर वापरला. हा तर एक दिवस टिकला नाही. माझं राहिलेलं सामान द्या, मी रस्त्यावरच्या दुकानात नेतो. त्याच्या मागे आणखी एक जण उठला आणि आपल्या कुदळी शोधायला लागला.  एकामागून एक असेच उठणार, हे मला आंधळ्यालाही दिसत होतं.

तेवढ्यात बारकी बोलली. "चूक माझी आहे. घण आडवा पडला माझ्या हातून, म्हणून फाळाला चीर गेली. आबांचं काम बरोबर होतं."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं की आम्ही आधीच सांगत होतो, मुलीचं काम नव्हे हे. वकील म्हणाला की असं असेल तर आबांनी घणासाठी गडीमाणूस ठेवावा, मग बघू. जो कुदळी गोळा करत होता त्यानं त्या खाली ठेवल्या. माझं नाव वाचलं. मी तिथेच बसलेला होतो, तोंडात जीभ होती, आणि मी गप्प राहिलो. बारकी घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि माणसं तिच्याकडे बघून हसत होती.

त्या दिवशी काम उरकलं तेव्हा उजेड होता. जेवायला बसलो तर घास उतरेना, आणि घास उतरत नाही म्हणून मला राग आला. माझा राग नेहमी असा चुकीच्या दारातून येतो. मी बारकीवर ओरडलो की तुला मध्ये तोंड घालायला कोणी सांगितलं होतं, खोटं बोलायला मी शिकवलं का तुला. ती ताटात बघत जेवत राहिली, हात धुतले, आणि बाहेर घणाचा सैल झालेला दांडा ठोकून बसवायला गेली.

तिची आई भांडी घासत होती. ती सहसा माझ्या रागाच्या वाटेला जात नाही. त्या दिवशी तिनं हात थांबवला.

"तुमचे डोळे गेलेत हे तिला थंडीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "मलाही. तुमची हातोडी हल्ली बोटबोट बाजूला पडते. ती तिथे घण घालत नाही. जिथे पडायला पाहिजे तिथे घालते. तुम्ही दाखवाल तिथे मारलं असतं तर एवढ्यात भट्टी विझली असती आपली."

मी म्हणालो की खोटं आहे हे. म्हणालो खरं, पण म्हणतानाच मला कळलं. फाळ माझ्या मनासारखे निघत होते ते का, हे कळलं. माझा हात शहाणा नव्हता. समोर उभी राहून ती पोर माझ्या चुकलेल्या हातोडीवरून खरी जागा ओळखत होती, आणि तेही घण हवेत असताना, डोळ्याचं पातं लवायच्या आत, दिवसभर, एकही शब्द न बोलता. मी घण मारलेला आहे, म्हणून सांगतो. दुसऱ्यानं दाखवलेल्या जागी मारणं अवघड असतं. दुसऱ्यानं चुकीची जागा दाखवावी आणि आपण बरोबर मारावं, वर त्याला कळूही देऊ नये, हे मी माझ्या बापासाठी करू शकलो नसतो.

मी बाहेर जाऊन ऐरणीशी बसलो. अजून संधिप्रकाश होता. ऐरण दिवसभराच्या मारानं कोमट होती. आधी मला लाज वाटली, खूप वाटली. आपल्याच घरात आपण सगळ्यांना फसवतोय असं समजत होतो आणि सगळे मिळून आपल्याला सांभाळत होते. मग लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. मला हसू येत होतं. मी म्हणत होतो, अरे, ही माझी मुलगी. सुईणीनं जिला सोडून दिलं होतं ती ही. देवाशी भांडायचं म्हणून मी तिथे बसलो होतो, पण भांडण आठवेना. मी इतके दिवस त्याच्याकडे डोळे मागत होतो. त्यानं ऐकलं की नाही ते मला ठाऊक नाही. पण घरात एक जोडी डोळे चांगले होते आणि ते माझ्याच कामाला लागले होते, हे तरी मला आता दिसत होतं.

बारकी दांडा बसवून छपराखाली आली, तिच्या मागोमाग तिची आईही. मी तिला विचारलं, त्या फाळाच्या वेळी तू पुन्हा का बोलली नाहीस? ती म्हणाली, तुम्ही बोलायचं नाही म्हणालात. मी म्हणालो, मग एवढे दिवस मी दाखवलेल्या जागी न मारता भलतीकडे मारत होतीस, ते चाललं? ती म्हणाली, त्यात बोलावं लागत नव्हतं.  तिच्या आईला हसू फुटलं, मग मलाही.

दुसऱ्या दिवशी मी एका मुलाला वस्तीवर धाडून वकिलाला निरोप दिला की तुझा फाळ नवा करून देतो, समोर उभा राहून घेऊन जा. भट्टी पेटली, माणसं जमली. वकील आला आणि आल्या आल्या विचारलं, गडी मिळाला का घणासाठी?

मी उभा राहिलो. गुडघे कटकट वाजले. मी सांगितलं की तुझा फाळ घणानं मोडला नाही, मी जाळला. मला दिसत नाही. ही मुलगी काल खोटं बोलली, बापाचं नाव राहावं म्हणून, आणि मी तिला बोलू दिलं. या मोसमात तुमच्यापैकी ज्याचा ज्याचा फाळ टिकला, तो हिनं टिकवला. काल जे हसले त्यांचेही फाळ तिनंच केलेत, घरी जाऊन बघावेत. कोणाला दुसऱ्या दुकानात जायचं असेल तर आत्ताच जावं, मी राग धरणार नाही.

एवढं लांब मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. माझा आवाज मधे एकदा फाटला, तो मी खोकून सावरला. कोणी उठलं नाही. उठलं असतं तरी मी ते बोललोच असतो, असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष कोणाच्या वहाणा वाजतात का याकडे होतं.

मग मी हातोडी बारकीसमोर धरली. ती घेईना. म्हणाली, आबा, राहू दे, आहे तसंच चालेल. मी म्हणालो, चालेल, पण मला नाही चालणार. तिची आई भात्यापाशी होती, ती फक्त म्हणाली, घे गं. बारकीनं चिंध्या सोडल्या, तळहात पोटाशी पुसले आणि हातोडी घेतली. माझ्या जागेवर बसली. बसताना जरा अवघडली, तिचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत. मग सांडशी उचलून तिनं फाळ आगीत सरकवला.

वकिलानं विचारलं की आता घण कोण मारणार? मी विचारलं, मी काय मेलो का?

घण उचलला तेव्हा समजलं की ती काय उचलत होती ते. पाठीतून कळ गेली. पण खांद्यांना जुनं काम आठवत होतं. वकील पहिल्यांदाच वाद न घालता, काळजीनं बोलला. म्हणाला, आबा, असं नका करू, तुम्हाला दिसत नाही म्हणता, पोरीचा हात तिथेच असणार. मलाही तीच भीती होती, रात्रभर होती. मी बारकीला म्हणालो की फाळ लांब सांडशीनं धर, हात दूर राहील. ती म्हणाली, लांब सांडशीनं फाळ हलतो, नीट काम होणार नाही.

ती आगीकडे बघत होती. मी आगीकडे बघायचं सोडून दिलं आणि कान दिला. भाता वर खाली होत होता.  बराच वेळ गेला असं मला वाटलं, गेला नसेल. मग तिनं फाळ ओढून काढला, तो ऐरणीवर टेकल्याचा आवाज आला. माझ्यासमोर एक लाल धूसर डाग, आणि त्या डागाच्या पलीकडे कुठेतरी तिची मूठ.

हातोडी फाळावर वाजली. स्वच्छ, एकच टोला, कुठे ते सांगणारा. मी देवाचं नाव घेतलं नाही, तेवढा वेळ नव्हता. घण डोक्यावर नेला. वकील मागे सरकला, त्याच्या मागचे सरकले, तिच्या आईचा भाता थांबला. बारकी जागची हलली नाही. घण पडला, आणि लगेच पुढच्या जागी हातोडी वाजली.